आजोबांच्या तीन सह्या

७ जानेवारी

दादाने आज एक काम माझ्या गळ्यात मारलं. जलवाहतूक कार्यालय नदीच्या धक्क्यावर एक फलक लावणार आहे. इथली प्रवासी लाँच उलटली त्याला येत्या ९ एप्रिलला पंच्याहत्तर वर्षं होतील. फलकावर आजोबांचं नाव यावं म्हणून दादा दोन वर्षं कार्यालयाच्या मागे लागला होता, आणि ते तयार झालेत. फक्त आधाराला जुनी कागदपत्रं हवीत. एक मार्चच्या आत.

"तू आता रिकामीच आहेस ना," म्हणाला.

रिकामी. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडून चार महिने झाले नाहीत, तर मी रिकामी. शब्द लागला, पण काम घेतलं. खरं सांगायचं तर आनंदाने घेतलं. सकाळी उठून कुठेतरी जायचं आहे, एवढ्यानेच बरं वाटलं.

गोष्ट आम्हाला पाठ आहे. आजीने हजारदा सांगितलेली. आजोबा धक्क्यावर निरीक्षक होते. दारू प्यालेल्या चालकाने लाँच पुलाच्या खांबावर घातली. आजोबांनी अंगातल्या कपड्यांनिशी उडी मारली आणि अकरा माणसं बाहेर काढली. लहानपणी मी नऊ ऐकल्याचं आठवतंय, पण दादा म्हणतो अकरा.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसायला घेतलं. अलीकडे ते यंत्र फार त्रास देतंय.

१५ जानेवारी

रेकॉर्डची खोली कार्यालयाच्या मागे, जुन्या गोदामात आहे. उंच खिडक्या, लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेली दप्तरं. सांभाळायला एक बाई आहेत. पान उलटताना त्यांचं एकच चालू असतं, "हळू. हळू." मी मनातल्या मनात त्यांचं नाव हळूबाई ठेवलंय. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन अर्ज भरायला लावले आणि पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल.

"काय शोधताय?"

"आजोबा."

"सगळे तेच शोधतात," म्हणाल्या. "सापडले की तोंड पाडून जातात."

विचित्र बाई.

२२ जानेवारी

बचावलेल्यांची यादी मिळाली! कोणी कोणाला वाचवलं, तेही लिहिलंय. धक्का-निरीक्षकापुढे चार नावं. एक बाई, तिचं तान्हं मूल, एक शाळामास्तर आणि एक पुसट झालेलं नाव. चार.

दादाला फोन केला.

"नीट बघ. पानं चिकटली असतील."

"नाही चिकटली."

"मग बाकीचे सात घाईत लिहायचे राहिले."

"दादा, मेलेले चौदाच्या चौदा लिहिलेत आणि जिवंत सात विसरले?"

तो म्हणाला, मी नेहमीचीच कजाग आहे. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर त्याने आधीच लिहून ठेवलाय, त्यात अकरा आहेत. त्याच्या नातवाने शाळेत अकराचं भाषणही केलंय.

मला मात्र चार आवडले. अकरा ऐकले की गोष्ट वाटते. चार म्हटलं की पाण्यात चारदा गेलेला माणूस दिसतो.

बाबांना सांगितलं. यंत्र कानात नव्हतं, पण मान हलवून म्हणाले, "चार. बरोबर." माझ्या ओठांवरून ओळखलं असणार.

२७ जानेवारी

बाबांचं यंत्र दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने तपासलं, स्वतःच्या कानाला लावलं, परत दिलं. "यंत्र ठणठणीत आहे. मालकाला विचारा." बाबांना हे सांगितलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस विसराळू होणारच.

येताना त्यांना केस कापायला नेलं. घराखाली न्हावी असताना यांना पार नदीपलीकडच्या त्या गल्लीतलाच लागतो, दोन बस बदलून. कापायला डोक्यावर उरलंय काय, हा प्रश्न मी गिळला.

५ फेब्रुवारी

चौकशीचा अहवाल. एकशे बारा पानं. आज निम्मी वाचली.

सुकाणूची साखळी तुटली आणि लाँच वळलीच नाही, हे सगळ्यांनाच मान्य आहे. चालकाने जबाबात म्हटलंय, "साखळी झिजल्याचे मी लाँचच्या रोजनिशीत लिहून दिले होते." पण ती रोजनिशी लाँचबरोबर बुडाली. मग आजोबांचा जबाब. मी तो उतरवून घेतला:

"साखळीबाबत माझ्याकडे तोंडी अथवा लेखी तक्रार आलेली नव्हती. चालकाच्या तोंडास दारूचा वास येत होता. त्यास पाण्यातून ओढून काढताना मी अगदी जवळ होतो, म्हणून खात्रीने सांगू शकतो."

म्हणजे ते पुसट चौथं नाव चालकाचं! ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्यालाही आजोबांनी मरू दिलं नाही. फलकावर हे यायलाच हवं. चालकाला पुढे कामावरून काढलं आणि सात महिने तुरुंगात ठेवलं, असं शेवटी लिहिलंय. मेलेल्या चौदा जणांपुढे सात महिने काहीच नाहीत.

१२ फेब्रुवारी

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

दुपारी हळूबाई एक वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही भलत्याच दप्तरात होती, भांडारातल्या दोरखंडांच्या यादीत. तुमच्या लाँचची दिसतेय." ती लाँचची रोजनिशी होती. बुडाली ती नव्हे, तिच्या आधीची. अपघाताच्या अकरा दिवस आधी भरली म्हणून भांडारात जमा झालेली. चौकशीत तिच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या पाच पानांत चालकाच्या अक्षरात तीन नोंदी आहेत. मोठं, कष्टाने काढलेलं अक्षर.

"सुकाणूची साखळी झिजली आहे. दोन कड्या उघडत आहेत. बदलावी."

"साखळी अजून बदललेली नाही. वळणावर चाक निसटते."

"साखळीबद्दल तिसऱ्यांदा लिहीत आहे. माणसे कमी घ्यावीत, नाहीतर लाँच बंद ठेवावी."

प्रत्येकीखाली एकच शब्द, "पाहिले." आणि सही.

ती सही मी ओळखते. बाबांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीच आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून पुन्हा वर नेलेली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची अक्षरं ओळखून पोट भरलं. मला शंका घ्यायलाही जागा नव्हती, तरी मी तासभर ती शोधत बसले.

हळूबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

१३ फेब्रुवारी

कपाटं आवरली. दुसरं काही केलं नाही.

१६ फेब्रुवारी

मी चार दिवस आजोबांची वकिली करते आहे. वरून दबाव आला असेल. त्यांनी साखळी मागितली असेल आणि साहेबांनी दिली नसेल. नोकरी गेली असती तर आजी, बाबा, धाकटी आत्या कुठे गेले असते? हे सगळं खरं असू शकतं. पण एवढं खरं धरूनही तो वासाचा मुद्दा उरतोच. ते वाक्य कोणी त्यांच्याकडून वदवून घेतलं नसावं. "अगदी जवळ होतो." ते त्यांचं स्वतःचं आहे.

वही परत दप्तरात गेली तर पुढची पंच्याहत्तर वर्षं कोणाला सापडणार नाही. हा विचार माझ्या मनात आला, हेही लिहून ठेवते.

दादाचे दोन फोन. "कागद झाले का?" म्हटलं, होताहेत.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसले होते. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. दोरीकडे बघतच त्यांनी विचारलं,

"सापडलं?"

मी म्हटलं, "काय?"

"तू गेल्या सोमवारपासून माझ्याशी मोठ्याने बोलत नाहीस. म्हणजे सापडलंय."

मी हातातल्या चादरीसकट खाली बसले. वहीचं सांगितलं. यंत्र कानात होतं, आणि ते पूर्ण ऐकत होते. मग ते बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चौकशीच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला होता. चालक. दुपारी, शाळा सुटल्यावर. बरोबर त्याची मुलगी. माझ्याच शाळेत होती, दोन वर्षं मागे. बाबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाले, सांग, घरी नाहीत. मी दार उघडलं. तो म्हणाला, बाळ, बाबांना सांग, फक्त वहीचं आठवा म्हणावं. तेवढंच. मी म्हटलं, बाबा घरी नाहीत. आणि तेवढ्यात आतून बाबांना खोकला आला."

"मग?"

"मग काही नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, बरं बाळा. आणि मुलीचा हात धरून जिना उतरला. मुलगी वळून वळून बघत होती."

"बाबा, तुम्ही नऊ वर्षांचे होता."

"नऊचा होतो. नंतर एकोणीसचा झालो, एकोणतीसचा झालो. दार उघडायला मला कोणी बंदी केली नव्हती."

मी वकिली सुरू केली. दबाव असेल, साहेब असतील.

"असेल," बाबा म्हणाले. "असेलही. पण दार आमचंच होतं ना."

थोड्या वेळाने म्हणाले, आजोबा स्वतः ही गोष्ट कधीच सांगत नसत. आजी सांगायला लागली की उठून जात. आम्हाला वाटायचं, केवढा नम्र माणूस.

यंत्र खराब नव्हतं तर. दुकानदाराचं बरोबर होतं, मालकालाच विचारायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

दादाला घरी बोलावून वहीची नक्कल दाखवली. त्याने उभ्याउभ्याच वाचली.

"कोण विचारतंय हे? पंच्याहत्तर वर्षांनी? ना तो चालक आहे, ना आजोबा."

"ती मुलगी आहे."

"तुला काय माहीत?"

"बाबांना माहीत आहे. नदीपलीकडच्या गल्लीत राहते. न्हाव्याच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर."

दादाने बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मी दोन वर्षं खेटे घातले," म्हणाला. "आपल्या घराण्यात सांगण्यासारखं एवढंच होतं गं. बाकी आपण कोण? तू मुद्रितं तपासलीस, मी विम्याचे अर्ज भरले." आणि गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण सात जानेवारीला मीही याच भुकेने निघाले होते.

२५ फेब्रुवारी

गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. दोन मजले चढायला बारा मिनिटं लागली.

दार तिनेच उघडलं. ब्याऐंशीची, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. जन्मभर इस्पितळात परिचारिका होती. खोलीत सगळं जागच्या जागी. मी आमची ओळख सांगायला तोंड उघडलं, तोवर ती बाबांकडे बघून म्हणाली,

"दर दीड महिन्याने केस कापतोस. डोक्यावर काही राहिलेलं नसताना. मी खिडकीतून बघते. पंधरा वर्षं झाली, कधी वर येतोस म्हणून."

बाबा उंबऱ्यातच उभे.

"माफ केलं असं ऐकायला आला असशील तर ते मला सांगता यायचं नाही."

"नाही," बाबा म्हणाले. "ते मागायला नाही आलो."

"मग बस."

मी नक्कल पुढे केली. तिने चष्मा बदलला, तरी अक्षर लागेना म्हणून कागद मला परत दिला. "वाच." मी तिन्ही नोंदी वाचल्या. "तारखांसकट वाच." पुन्हा वाचल्या. "आता खालचं." मी तीनदा "पाहिले" म्हटलं. माझ्या स्वतःच्या आजोबांचं नाव मी तिच्यापुढे तीनदा उच्चारलं.

तिने चष्मा पुन्हा बदलला.

"आई शेवटपर्यंत म्हणायची, प्याले असतील थोडी," म्हणाली. "मरेपर्यंत तिला पक्कं कळलं नाही. तुरुंगातून आल्यावर ते खरंच प्यायला लागले. मग सगळे म्हणाले, बघा. सायकली दुरुस्त करायचे. साखळ्या फार छान बसवायचे."

मग मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. म्हटलं, "तुमच्या घरी आमच्या आजोबांना शिव्या घालत असतील."

"नाही," ती म्हणाली. "वडील घालू देत नसत. धाकट्या काकांनी एकदा घातली, तर त्यांना घराबाहेर काढलं. म्हणायचे, त्याने मला केसाला धरून वर काढलंय. मी पाण्याखाली डोळे उघडले तर त्याचा हात होता. तेही खरं आहे, आणि हेही खरं आहे, दोन्ही मलाच सांभाळायचंय, तुम्ही मधे पडू नका."

बाबा रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्यापुढे पंचा टाकला. इस्पितळात एखाद्यापुढे टाकावा तसा, त्यांच्याकडे न बघता.

निघताना मी विचारलं, फलकावर काय लिहावं असं तिला वाटतं. म्हणाली, "त्यांचं पूर्ण नाव. आणि त्यांनी लिहून दिलं होतं, एवढं. विशेषणं नकोत."

२८ फेब्रुवारी

कागद दिले. यादी, दोन्ही जबाब, रोजनिशीच्या नकला. बरोबर बाबांचं निवेदन. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, पावणेदोन पानं. त्या दुपारचं सगळं, खोकल्यासकट. खाली सही करताना तीनदा थांबले.

कार्यालयातल्या साहेबांनी चाळून विचारलं, "तुमचे आजोबा ना? मग हे तुम्हीच का देताय?"

म्हटलं, "सापडलं म्हणून."

जाता जाता हळूबाईंना भेटले. त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, नक्कल करायची दप्तरं खूप पडली आहेत, सही-अक्षर ओळखणारं माणूस मिळत नाही, येत जा. विचार करते म्हटलं. विचार कसला करायचा, सोमवारपासून जाणार आहे.

२० मार्च

दादा चार आठवडे बोलला नव्हता. आज आला. वहीची नक्कल मागितली आणि टेबलाशी बसून पहिल्या पानापासून वाचली. हवामान, फेऱ्या, तेल, माणसं, सगळं. दोन तास. मी मधे फक्त चहा ठेवला.

वाचून झाल्यावर म्हणाला, "चांगला माणूस होता गं. हा चालक. बघ, एका फेरीत एक आंधळा बसला, तर उतरल्यावर कुठे सोडला तेही लिहिलंय."

मग, "पण ते चार तरी खरे ना?"

"चार खरे."

"तू स्वतः पाहिलेस?"

"स्वतः पाहिले, दादा."

त्याने मान हलवली. "नातवाला सांगायला हवं," म्हणाला. "कसं सांगायचं ते बघतो."

९ एप्रिल

फलक लागला. काळ्या दगडावर साधी अक्षरं. आधी चौदा मृतांची नावं. खाली चालकाचं पूर्ण नाव, आणि साखळी झिजल्याचं त्यांनी तीन वेळा लेखी कळवलं होतं, ते पाहूनही साखळी बदलली गेली नाही. त्याखाली धक्का-निरीक्षकांचं नाव आणि त्यांनी चार जणांना पाण्यातून काढलं, त्यांत चालक होते. चौकशीतल्या खोट्या जबाबाबद्दल कार्यालयाने एक वाक्य छापील पत्रकात घातलंय, दगडावर नाही. मला ते कमी वाटलं. मी तसं बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, दगडावर जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

गर्दी नव्हतीच. वीसेक माणसं, तीन खुर्च्या, एक बिघडलेला ध्वनिक्षेपक. वाचवलेल्या तान्ह्या मुलाचा मुलगा आला होता, तोही आता पन्नाशीचा. त्याने दादाचे दोन्ही हात धरले. दादाने त्याला चालकाच्या मुलीकडे नेलं. म्हणाला, "आधी यांना भेटा."

तिने दगड दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वडिलांच्या नावावर बोट ठेवून, एकेक अक्षर तपासत. "बरोबर आहे," म्हणाली.

मग तिने आजूबाजूला पाहिलं. बाबा जरा लांब, कठड्याशी उभे होते, टोपी हातात. "अरे, उन्हात काय उभा राहतोस," ती ओरडली. "चक्कर येऊन पडलास तर पुन्हा मलाच बघावं लागेल." आणि सावलीतल्या बाकाकडे चालायला लागली. बाबा तिच्या मागून गेले. ती बाकाच्या एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा. थोड्या वेळाने बाबांनी काहीतरी विचारलं. तिने नाही म्हणून हात उडवला, मग पुन्हा सांगायला लागली, हाताने काहीतरी उंच दाखवत. बाबा कान तिच्याकडे करून ऐकत होते.

काय बोलताहेत ते ऐकायला मी पुढे निघाले. दादाने माझा दंड धरला.

"राहू दे," म्हणाला. "बसू दे त्यांना."